पुढची सीट माझी

५ जानेवारी, रविवार. जेवनं झाल्यावर.

आधी आला सिद्धू. कवठे महांकाळहनं, फटफटीवर, धुळीनं भुवया पांढऱ्या करून. त्याच्या मागनं दोन तासांनी शिवतेज, साताऱ्याहनं, एस्टीनं, तोंड पाडून. म्हंजे पाव्हना आधी आन घरचा मागनं. सिद्धू माझ्या थोरल्या भनीचा, दगडीचा पोरगा. शिवतेज माझा नातू. हे लिवायचं कारन, यंदाची कारखान्याची डायरी सूनबाईनं मला दिली. माया म्हनली, आत्ती, तुमी चौथी शिकलाय, लिवा की कायतरी, दिवसभर माझ्या मागं बोलन्यापरास. बरं. पन ही कुनी वाचायची न्हाई.

तर सिद्धूनं बेदाना आनला. बारीक हुता, दगडीचा हात आखडताच. आन निरोप आनला. पोट दुखतंय, अन्न जाईना, शालीला बघायचं म्हनती. सिद्धू म्हनला, मावशे, बस मागं, दिस मावळायच्या आत पोचवतो. मी? फटफटीवर? भोपळ्याच्या पोत्यागत? मी म्हनलं, आमची नवी गाडी येतीया रं. आठ दिसांत. मी गाडीनं येनार, पुढच्या सीटवर बसून. सांग तिला तसं.

नवी गाडी येतीया हे शिवतेजला तवाच कळलं. पोरगं लय खूश झालं.

जुनी जीप त्यानंच मारली. पानी घालायचं इसरला, कडेगावच्या फाट्यावर इंजान बसलं. आता कोंबड्या तिच्यात अंडी घालत्यात. पुढच्या सीटवर.

दगडीला काय झालेलं न्हाई. लहानपनापासनं तिचं पोट भाकरी थापायच्या टायमालाच दुखतंय.

८ जानेवारी, बुधवार

शिवतेजनं मोबाईलवर गाडी दावली. पुढनं मोटार, मागं ही लांबच्या लांब डिकी. वापरलेली हाय, पन म्हनला आज्जे, टर्बो हाय, सात सेकंदात शंभर. मी म्हनलं, शंभर काय? स्पीड, म्हनला. कवठ्याला किती येळ? पाऊन तास! आन मागच्या सीटा पाडल्या की मानूस पाय लांब करून झोपतो.

मला पटली. फकस्त रंग पांढरा हुता. मी म्हनलं, पांढरी नको, अँब्युलन्स वाटती. दुसरी हुडक.

जोधपूरहनं लालासाहेबाचा फोन. माझा पोरगा, सैन्यात सुभेदार हाय. म्हनला, आई, वापरलेलीच घ्यायची तर साधी घ्या, उंच घ्या, आपल्या वाटंला चालंल अशी. मी म्हनलं, तू बॉर्डर बघ, मी घर बघते.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

दगडीला फोनवरच तिळगूळ दिला. म्हनली, शाले, कवा येतीस? मी म्हनलं, गाडी आली की. आठ दिसांत. तिचा आवाज बारीक येत हुता. त्या भागात रेंज न्हाई.

आता लिवूनच टाकते. माझं लगीन झालं त्या साली समदी मिळून जोतिबाला गेलो. दगडीच्या मालकाची जीप. दगडी पुढं बसली, डोळ्याला काळा चष्मा. मला बसवलं मागं, नारळाच्या पोत्यावर. डोंगर चढताना माझी नथ पडली, आतडी तोंडात आली. तवा दगडी मागं वळली आन गोड आवाजात म्हनली, शाले, बरं हाय ना गं?

बरं हाय ना गं!

साठ वर्सं झाली. अजून कानात हाय ते.

तर माझं ठरलंय. मी पुढं बसनार. दगडीला मागं बसवनार. फाटा वलांडला की मागं वळनार आन इचारनार, दगडे, बरं हाय ना गं? बस. दुसरं काय नको मला. जळायचं कायच कारन न्हाई, मी पोटात ठेवनारी बाई न्हाई.

२० जानेवारी, सोमवार

माया म्हनली, आत्ती, एस्टीनं जाऊन या की. पंचाहत्तरच्या वर तिकीटच न्हाई तुमाला. इट्याच्या स्टँडवर एक गाडी बदलायची, दुपारी पोचाल.

मी तिला इचारलं, माझं वय कुनी सांगितलं तुला? म्हनली, आधारकार्डानं.

त्या कार्डात चूक हाय. आन फुकट जायला मी काय अशीतशी हाय? दगडी म्हनायची, आली बघा शाली, फुकट आली.

निश्चय: एस्टीत पाय ठेवायचा न्हाई. गाडीनंच जायचं. फेब्रुवारीच्या एक तारखंला.

२ फेब्रुवारी, रविवार

काल जमलं न्हाई. पन आज गाडी मिळाली! निळी. साताऱ्याच्या एका डॉक्टरची. डॉक्टर फकस्त रविवारी चालवायचे. शिवतेज बघून आला. म्हनला, आज्जे, पाय ठेवला की पाठ सीटला चिकटती, पोटात गोळा येतो. मी म्हनलं, दगडीच्या आधीच हाय पोटात, दोन हुतील.

माया हसली न्हाई. अलीकडं ती हसत न्हाई.

पाटल्या मोडल्या. माझ्याच हुत्या, मीच मोडल्या. हात हलकं झालं, बरं वाटतंय.

माया म्हनती, गाडी जमिनीला टेकलेली दिसती फोटूत, आपल्या वाटंवर दगडं हायत. शिवतेज म्हनला, आई, पळनाऱ्या गाड्या खालीच असत्यात. बरोबर हाय. पळनारं कुत्रं बी पोट खाली घालूनच पळतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सिद्धूचा फोन. दगडीला कराडला आनलीया, मोठ्या दवाखान्यात. कराड म्हंजे आमच्याहनं एस्टीनं तासभर. सिद्धू म्हनला, मावशे, आता तर जवळ आलीया ती.

म्हंजे बघा. मी येनार म्हनल्यावर निघाली ती आधी. हिला कदी कळनार न्हाई की मानसानं आपल्या जागी थांबावं.

गाडीची कागदं नावावर व्हायची हायत. आठ दिस.

१६ फेब्रुवारी, रविवार

माया जाऊन आली कराडला. मला न सांगता, एस्टीनं. डब्यात ज्वारीची पेज घेऊन गेलती. म्हनली, दोन चमचे घेतली, वाळून काडी झालीया, सारखं तुमालाच इचारतीया, शालीची गाडी आली का?

मी म्हनलं, काडी झाली? मग मागं ऐसपैस मावंल.

माया उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच हुती.

गाडी आली का म्हनती! जीव गाडीतच हाय तिचा. मला बघायचं नुसतं नाव.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कागदं झाली! शिवतेज म्हनला, गुरवारी आनतो. मी कॅलेंडर बघितलं. गुरवारी अमावस्या. मी म्हनलं, खुळा का काय! मग शुक्रवारी, म्हनला. मी म्हनलं, शुक्रवारी सकाळपातुर अमावस्याच हाय, तिचं पारोसं दिवसभर ऱ्हातं. शनिवारी? शनिवारी लोखंड घरात आनत्यात व्हय रं? रविवार ठरला. दोन तारीख.

सिद्धूचा फोन आला हुता. मायानं घेतला. म्हनली, डॉक्टर म्हनत्यात, भेटायचं असंल तर भेटून घ्या. दवाखानेवाले समद्यांना तसंच सांगत्यात, म्हंजे बिल भरताना मानूस गप बसतं.

बाजारातनं हिरवं लुगडं आनलं. आन मोतिबिंदूच्या आपरेशनचा काळा चष्मा ट्रंकंतनं काढला. एक काडी ढिल्ली हाय. दोरा बांधला.

१ मार्च, शनिवार

उद्या!

शिवतेजला फोनवर समदं समजावलं. सकाळी साताऱ्यात गाडी घ्यायची. वाटंत कराड. दवाखान्याखाली थांबायचं, दगडीच्या खिडकीसमोर. तीनदा हारन वाजवायचा. सिद्धूला म्हनायचं, आईला खिडकीपाशी बसव. निळी गाडी नीट दिसली पायजे, मागची डिकी पन. मग सरळ घरी. कुनाला आत बसवायचं न्हाई. पहिली मी बसनार. मग मी कराडला जानार, पुढच्या सीटवरनं उतरनार, भेटनार.

शिवतेज म्हनला, आज्जे, तू बी आत्ताच एस्टीनं कराडला जा की, तितनंच गाडीत बस. मी म्हनलं, आन उतरताना दगडीनं मला कशातनं बघायचं? एस्टीतनं?

पोरगं हुशार हाय, पन खोल इचार न्हाई.

२ मार्च, रविवार. सकाळी ७.

लुगडं नेसले. चष्मा लावला. आरतीचं ताट, नारळ, चाकाखाली घालायला चार लिंबं. शेजारच्या राजमतीकाकी बघायला येनार हायत. त्यांना मुद्दाम सांगितलंय.

९ वाजता. राजमतीकाकी आल्या. दोन च्या झाले.

१० वाजता. शिवतेजचा फोन. मायानं घेतला आन अंगनात जाऊन बोलली. आत आल्यावर राजमतीकाकींच्या कानात कायतरी सांगितलं. मला म्हनली, आत्ती, निघाला तो. ताट आत ठेवू का? मी म्हनलं, हात लावू नको ताटाला.

३ मार्च, सोमवार

गाडी सव्वाअकराला आली. लय झाक. निळी, लांबडी, इंजानाचा आवाज वाघागत. लिंबांच्या अलीकडंच थांबली. मी ताट घेऊन पुढं झाले तर पुढच्या सीटवर सिद्धू.

मला राग आला. मी म्हनलं, उतर, आधी माझा मान हाय. तो उतरला आन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. हे एवढं मोठं दाढीवालं मानूस.

शिवतेजनं सांगितल्यावानी केलं. दगडी पहाटं पाचला गेली. तिथली अँब्युलन्स दुसरीकडं गेलेली, दुसरी मिळंना. तेवढ्यात हा खाली पोचला आन सांगितल्यापरमानं तीनदा हारन वाजवला. सिद्धू खिडकीत आला, वरनं गाडी बघितली, डिकी बघितली.

मागच्या सीटा पाडल्या हुत्या. दगडी पाय लांब करून झोपली हुती.

मी म्हनलं, मला घ्या. शिवतेज म्हनला, आज्जे, मागं जागाच न्हाई, आन सिद्धूदादाला पुढं पायजे, वाट त्याला ठाव हाय. तू आन आई एस्टीनं या, इट्याला लगेच लागून गाडी हाय.

मी मागं गेले. डिकीच्या काचंतनं बघितलं. चादरीतनं फकस्त नाक दिसत हुतं, आमच्या बापाचं नाक. मी चष्मा काढला. इचारलं मी तिला. हळूच, राजमतीकाकींना ऐकू जाऊ ने म्हनून.

काय बोलली न्हाई.

गाडी गेली. सात सेकंदात असंल. लिंबं तशीच ऱ्हायली, मायानं उचलली.

एस्टीत बसायला मिळालं न्हाई इट्यापातुर. कंडक्टरनं कार्ड बघितलं आन म्हनला, बसा आज्जी. कुठं बसा? इट्याला लगेच लागून गाडी नव्हती. पोचलो तवा मानसं नदीवरनं वल्या डोक्यानं माघारी येत हुती.

कंडक्टरनं तिकिटाचं पैसं घेतलं न्हाईत. खरंच फुकट हाय.

५ मार्च, बुधवार

आज आधी आला शिवतेज. चालत, फाट्यापासनं. त्याच्या मागनं सिद्धू, फटफटीवर.

गाडी कवठ्यालाच हाय, गॅरेजात. दगडीच्या दाराम्होरं चढ हाय, तितं दगडावर पोट घासलं, खालचं ऑइलचं भांडं फुटलं. समदं ऑइल तिच्या अंगनात सांडलं. पार्ट पुन्याहनं येनार, नायतर मुंबईहनं, नायतर परदेशातनं. शिवतेज म्हनतो, आठ दिसांत.

मी सिद्धूला म्हनलं, एवढी गाडी तुमच्या दारापातुर नेलीच कशाला, कुंपनाच्या बाहेर थांबवायची. सिद्धू म्हनला, मावशे, कुंपन कुठं हाय? आईनं जानेवारीतच पाडून घेतलंया. तुझी गाडी लांबडी हाय म्हनल्यावर, वळायला जागा पायजे म्हनली. बाभळीचं, चाळीस वर्सांचं कुंपन. दोन बायका लावून तोडलं, खाटंवर बसून स्वता बघत हुती. शाली पुढच्या सीटवर असंल, तिला दारातच उतरवायचं, म्हनायची. कवठे महांकाळला जी बाई भेटंल तिला सांगायची.

दगडी पहिल्यापासनं अशीच. समद्यात आपलं नाक.

च्या केला. सिद्धूनं बेदान्याची पिशवी दिली, आईनं ठेवलेली म्हनला. यंदाचा बेदाना जाड हाय. जानेवारीत आनला तो बाजारातला हुता, म्हनला, घरचा तुमी आल्यावर द्यायला ठेवलाता.

मी खाल्ला न्हाई. दाताला चिकटतो.

डायरीतलं मागचं पान मायानं वाचलंय वाटतं. तितं पान्याचा थेंब पडलाय, तो माझा न्हाई.

दहावा मंगळवारी हाय, ११ तारखंला. मी म्हनलं, पुढची सीट माझी. सिद्धू म्हनला, मावशे, गाडी काय व्हायची न्हाई तवर, मी येतो न्यायला. उन्हाच्या आत निघू, सकाळी सातला येतो.

मंगळवारी सातला. फटफटी घेऊन.