मौन सुटल्यावरचा फोन

अहो,

कुकरमध्ये मऊ भात आहे, छोटू उठला की भरवा. ताप उतरलाय.

काल शाळेतून तीनदा फोन आला, तेव्हा माझं मौन होतं असं मी तुम्हाला सांगितलं. "आईने उचलायचा ना," असं थोरली म्हणाली, तर तुम्ही तिलाच दटावलंत. खरं म्हणजे जप संपून मौन केव्हाच सुटलं होतं. इथली भाषा बोलायची भीती वाटली, म्हणून फोनकडे नुसती बघत बसले. पोर तिकडे शाळेत दोन तास तापाने फणफणत होतं आणि बाईंना सांगत होतं, "आई देवाशी बोलतेय."

देवापुढे सकाळीच कबूल केलं. तुमच्यासमोर जीभ रेटेना.

चार वाक्यं पाठ करून बाईंची माफी मागायला गेलेय. थोरलीला तुम्ही काही सांगू नका, तिची मी आल्यावर मागते.