लिंडसेकाकांच्या काँक्रीटवरचं मधाच्या रंगाचं ऑइल

रेनमार्क, शनिवार सकाळ

आदरणीय मर्व्हमामा,

मंगळवारी सकाळी टीगनच्या घरापुढच्या कोऱ्या काँक्रीटवर मला मधाच्या रंगाच्या ऑइलचा बशीएवढा डाग दिसला आणि तिथून माझं आयुष्य पार बदललं. पण आधी रीतसर विचारपूस करतो. तुमचा गुडघा कसा आहे? कूबर पेडीला जमिनीखालच्या घरात यंदा तरी गार वाटतंय का? खाणीत ओपलचा खडा सापडला का? (सापडला असेल तर आईला कळवू नका, ती लगेच आमच्या छपराच्या दुरुस्तीचा विषय काढेल.) आई तुमची फार आठवण काढते, म्हणजे तुम्ही नेलेल्या शिडीची. मी अ‍ॅडलेडचं कॉलेज मधेच सोडल्याचं तिने तुम्हाला कळवलंच असेल. तिथे टीगन नव्हती, यापलीकडे माझी काही तक्रार नव्हती. टीगन इथल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असते. फॅनबेल्ट गुंडाळून देतानासुद्धा ती अशी देते की माणूस उगीच दुसरा मागतो. माझ्याकडे सध्या पाच आहेत.

तर डाग. तिचे वडील लिंडसेकाका यांनी गॅरेजपुढे नवं काँक्रीट ओतून घेतलंय आणि पोटच्या पोरीला जपावं त्याहून त्याला जास्त जपतात. त्यावर गाडी न्यायची नाही, सायकल टेकवायची नाही, कुत्र्यानेसुद्धा कडेकडेने जायचं. मंगळवारी मी संत्र्यांची पेटी द्यायच्या निमित्ताने गेलो, तर काका गुडघ्यांवर बसून ब्रशने डाग घासत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, माझी युट गळते का. मामा, ही मागे उघड्या हौद्याची युट तुम्हीच दिलेली. मी छाती पुढे काढून सांगितलं की आमच्या युटने जन्मात थेंब टाकलेला नाही, आणि तिच्यातलं ऑइल तुमच्या शिकवणीप्रमाणे सर्वांत स्वस्त, डांबरासारखं काळंकुट्ट असतं. हे तर मधासारखं, स्वच्छ. हे महागातलं सिंथेटिक. हे कुणा पैसेवाल्याचं काम आहे, आणि तो मी शोधून काकांपुढे उभा करतो, असं वचनही दिलं. (मी स्वतः आदल्या शनिवारी, काका हिरवळीवर गोळे घरंगळवायला, म्हणजे बोल्सचा सामना खेळायला गेलेले असताना, युट तिथेच लावली होती, हे मला तेव्हा सांगण्यासारखं वाटलं नाही. स्वच्छ ऑइलशी माझा काय संबंध?)

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. काँक्रीट गेलं खड्ड्यात. महागडं ऑइल वापरणारा माणूस टीगनच्या दारात गाडी लावून थांबतो कशाला? आणि थेंब पडून बशी होईपर्यंत थांबतो? सिंथेटिकचं तुमचं मत मला पाठ आहे: डब्यावर सोनेरी पट्टा मारायचा आणि तिप्पट दाम घ्यायचा. म्हणजे हा माणूस एक तर मूर्ख आहे किंवा श्रीमंत, आणि पोरींच्या बाबतीत दोन्ही प्रकार धोक्याचे. गावात असा एकच होता. ह्यूगो. वाइन विकतो, इस्त्रीचे शर्ट घालतो आणि महिन्यात तीनदा टीगनच्या दुकानात काच पुसायची फडकी घेतो. इतकी कुठली काच? शिवाय त्याची पांढरी गाडी अजिबात आवाज करत नाही. हे मी पूर्वीच हेरलं होतं आणि मनात म्हणालोही होतो की महाग ऑइलचा एवढा तरी गुण आहे.

बुधवारी बेकरीबाहेर मी त्याला गाठलं आणि ऑइल दाखव म्हणालो. त्याने हातातल्या मीट पायचा घास पूर्ण चावला, गिळला आणि बॉनेट उघडलं. मामा, आत इंजिनच नव्हतं. रिकामी जागा, तिच्यात एक पिशवी आणि बोल्सचे पांढरे बूट. विजेवरची गाडी. ह्यूगो अगदी प्रेमाने म्हणाला, "ब्रोडी, अजून कुठे बघायचंय? डिकीत केळी आहेत." दुपारपर्यंत गावाला कळलं. बेकरीवाली आता मला पायबरोबर विचारते, ऑइल तपासून देऊ का.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी तडक टीगनच्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, कोण आहे तो. तिने आधी एका म्हाताऱ्याला स्पार्क प्लग दिले, सुटे पैसे मोजले, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या युटची ऑइलची पट्टी शेवटची कधी बाहेर काढलीस?"

काढली नव्हती. तिने मला हाताला धरून बाहेर नेलं, बॉनेट उघडलं, पट्टी ओढली आणि माझ्या नाकासमोर धरली. मध.

माझ्या वाढदिवसाला, म्हणजे त्या शनिवारच्या आधीच, तिने युट धुऊन देते म्हणून दिवसभर नेली होती. मला वाटलं बाहेरून. तिने आधी साधं ऑइल घालून आतला मळ काढला आणि मग सोनेरी पट्ट्याचा डबा ओतला, स्वतःच्या पगारातून. इंजिनाचं सील, ते ऑइल अडवणारं रबर, कधीच म्हातारं झालं होतं, मामा. तुमच्या स्वस्त ऑइलचा साचलेला चिखलच इतकी वर्षं गळती अडवून होता. आणि मी म्हणत होतो की वाढदिवसापासून युट एवढी अलगद का चालते. मी ते प्रेमाच्या खात्यात टाकलं होतं.

सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू मामांची पोथी वाचली असतीस. अ‍ॅडलेडला जाऊन परत यायला इंजिन टिकायला नको? फेब्रुवारीत कॉलेज उघडतं." आता माझा संशय बघा: हिला मला पाठवायचंय की परत आणायचंय? रात्रंदिवस मी तोच विचार करतोय. ती पुढे म्हणाली, "डाग तुझा. आज मला दुकानात जे बोललास तेही तुझंच. शनिवारी बाबा बोल्सला निघायच्या आधी ये आणि त्यांना स्वतः सांग. नाही आलास तर फॅनबेल्ट दुसरीकडून घे."

आज शनिवार.

ऑइलच्या किमतीबद्दल माझं मत अजून तुमच्यासारखंच आहे. गुण येतो, नाही म्हणत नाही. पण जे ऑइल माणसाच्या इंजिनातलं सगळं बाहेर काढून दुसऱ्याच्या काँक्रीटवर मांडतं, त्यावर विश्वास ठेवायला मन धजत नाही.

गुडघ्याला शेक देत जा.

आपला भाचा,
ब्रोडी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. गेल्या शनिवारी तुम्ही इकडे आला होतात आणि युट तुम्हीच तिथे लावलीत, असं काकांना सांगितलं तर चालेल का? जमिनीखाली तुम्हाला फोन लागत नाही, म्हणजे ते खात्री करू शकणार नाहीत. म्हाताऱ्या माणसावर ते फार चिडणारही नाहीत.

ता. क. दुसरा. वरचं खोडायला गेलो तर पेन कागदातून आरपार गेलं. तेवढं वाचू नका. तसं सांगितलं तर टीगन काही बोलणार नाही, नुसती बघेल, आणि ते मला झेपणार नाही. नवं सील मात्र तुमच्या शेडमध्ये असलं तर पाठवा.

ता. क. तिसरा. उभ्यानेच लिहितोय. टीगनचा फोन आला, काका बोल्सला निघायला टोपी शोधतायत म्हणाली. अजून रागावलीय का, ते आवाजावरून कळलं नाही. आई विचारतेय, जेवून जाणार का. नको म्हणालो. चाललो काकांकडे, पायीच, युट नेत नाही. पत्र टेबलावर ठेवतो, आई टपालात टाकेल. दार ओढून घेतो, माश्या फार झाल्यात.