दोन स्ट्रायकर आणि मारुतीरावांचा चहा

वर्तकनगर, ठाणे
१४ नोव्हेंबर १९८८

चि. रतन यास दामाजीमामाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत, तुझा खोकला गेला का ते कळव. भाऊबीजेला डोंबिवलीहून तुझे आई-बाबा आले ते तुझं पत्र घेऊनच. आईने ते मोठ्याने वाचलं. तुझे बाबा तेव्हा गॅलरीत उभे होते. (मार्चमध्ये तू कारखान्यातली कायमची नोकरी सोडून पुण्याला संशोधनाला गेलास, तेव्हापासून तुझा विषय निघाला की ते गॅलरीत जातात.)

रेणूंचे दोन झोत निर्वात पेटीत काटकोनात सोडायचे आणि टकरीचा जोर बदलला की एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे किती जाते ते मोजायचं, असं तू लिहिलंस. मला वाटलं, जोरात आपटलं की जास्त जाणार, यात शिकायचं काय? पण पुढे लिहितोस की काही रेणू हळू आले तर एकमेकांच्या ओढीने क्षणभर घुटमळतात आणि तेवढ्यात बरंच देऊन जातात. हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणून काल मंडळाचा कॅरम काढला. निर्वात जमेना, तेव्हा पंखा बंद करून खिडक्या लावल्या. एका बाजूने मी, शेजारच्या बाजूने एक गृहस्थ (नाव विचारू नकोस), दोघांनी एकदम स्ट्रायकर सोडायचे. सेक्रेटरी मारुतीराव घाम पुसत दर वेळी फाऊल देत होते. हे गृहस्थ भलत्याच रागाने मारत होते. विसाव्या टकरीला एक स्ट्रायकर उडून मारुतीरावांच्या चहात पडला. त्यांच्या शर्टाला किती ऊर्जा मिळाली ते मोजता आलं नाही.

मग ते गृहस्थ आपणहून म्हणाले, "आता जरा हळू मारून बघू."

हळू मारल्यावर दोन्ही स्ट्रायकर भेटले, थोडे फिरले आणि जवळजवळच थांबले. आम्ही बराच वेळ बघत बसलो. स्ट्रायकरना ओढ नसते हे मला कळतं, म्हणून विचारतो, हळू म्हणजे किती हळू? सोबत आकृती आहे, कोन तपास.

तुझा,
दामाजीमामा

ता. क. आकृती पोस्टाने परत पाठवू नकोस. रविवारी स्वतः घेऊन ये, खोपट डेपोत मी उभा असेन. मारुतीरावांना एक शर्ट आण.

ता. क. दुसरा. आकृती माझी नाही. मला पट्टी लावूनही सरळ रेघ येत नाही. आकृतीखालचा सह्यांचा चौकोन बघ. 'काढणार' पुढे तुझ्या बाबांची सही आहे. 'तपासणार' पुढे त्यांनी तुझं नाव लिहून सहीची जागा मोकळी सोडली आहे. कारखान्यात तीस वर्षं नकाशे काढले, पण त्या जागी साहेबाशिवाय कोणाची सही त्यांनी घेतलेली नाही.