सुई उचलल्यावर

मंगळवार, संध्याकाळ. सावंगीचा दवाखाना.

रजेवर आले तरी लॅबमधला तो अर्धधातूचा स्फटिक डोक्यातून जात नाही. तो अतिवाहक नाही, आमची चांदीची सुईही नाही. पण द्रव हेलियमच्या कडाक्याच्या थंडीत सुई टेकवली, की टेकल्या जागी विजेला होणारा विरोध नाहीसा होतो. सुई उचलली की सगळं पूर्ववत. मग ते अतिवाहकपण आत दडलेलं असतं, की आमच्या टोचण्यानंच जन्मतं?

बाबा बेशुद्धच आहेत. आई म्हणाली, "बोट धरलं का हालवतेत. धरून पाह्य."

धरलं. हाललं. की माझाच हात थरथरला?

"आता सोडून पाह्य बरं."

सुई मी कितीदा तरी उचलली आहे. बोट अजून सोडलेलं नाही. हे डाव्या हातानं लिहितेय.