ओव्हरलॉकचे चार धागे

आई, गेल्या शनिवारी मी पुन्हा धागे कापले. या वेळी माझं वय दहा नव्हतं, सत्तेचाळीस होतं, आणि मशीन तुझं नव्हतं. तू गेलीस तेव्हा मी दुकानोदुकानी कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरत होते. आता डोंबिवलीत एका ट्रस्टचं डायलिसिस सेंटर आहे, तिथले कॉम्प्युटर सांभाळते. मला सगळे मॅडम म्हणतात. स्वतःची इतकी किळस यापूर्वी कधी आली होती ते आठवून पाहिलं, तर विठ्ठलवाडीचा तो बनियनचा कारखानाच आठवला, म्हणून तुला लिहायला बसले.

आमच्या सेंटरचा मुख्य कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी त्याचा गाभा जागा होतो. त्याला कर्नल म्हणतात. अधूनमधून नवा कर्नल येतो, तो बसवायचा असतो, आणि नवा नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत जुना राहू द्यायचा असतो. नवा उठलाच नाही तर जुन्यावर मशीन सुरू करता येतं. हे मला वीस वर्षं माहीत आहे, आणि दुसऱ्यांना मी ते मोठ्या तोऱ्यात शिकवते. शनिवारी दुपारी नवा बसवायला घेतला तर डिस्कवर जागा कमी पडली. मला घरी जायची घाई होती. मी जुने दोन्ही कर्नल कचरा म्हणून पुसून टाकले. नवा तोवर अर्धवटच लिहिला गेला होता. तशी एक ओळ पडद्यावर आली होती, आणि मी ती वाचलीही होती. मशीन बंद करून चालू करून बघायला हवं होतं. सोमवारी बघू म्हटलं आणि बॅग उचलली. चालू मशीन चालूच राहिलं, त्यामुळे रविवारभर कोणाला काही कळलं नाही.

मी दहा वर्षांची, मे महिन्याची सुट्टी होती आणि घरी बघायला कोणी नव्हतं, म्हणून तू मला कारखान्यात घेऊन जायचीस. पंख्याखाली कापडाचा भुगा उडतोय, तू ओव्हरलॉकच्या शिलाई मशीनवर बसली आहेस, शेजारी पांढऱ्या बनियनांचा ढीग आहे. पांढरा माल संपला, निळा यायचा होता. रंग बदलताना जुना धागा कापून टाकायचा नाही, त्याच्या शेपटाला नवा धागा बांधायचा आणि मशीन हळू चालवायचं, म्हणजे जुना धागा नव्याला आपल्यामागून सुईपर्यंत ओढून नेतो. तू पाणी प्यायला गेलीस आणि मी मदत म्हणून चारही धागे कापले, उपसून काढले, वर त्यांची छान गुंडाळी करून ठेवली. खालचे दोन धागे मशीनच्या पोटातून कुठून कुठे जातात ते तिथे एका मिस्त्रीलाच ठाऊक होतं आणि तो त्या दिवशी कल्याणला गेलेला. शेठ आला. त्याने विचारलं, "कोणी केलं?" तू म्हणालीस, "माझ्याच हातून झालं, शेठ." तुला आठ दिवस मशीनवरून उठवून खाली बायकांमध्ये धागे तोडायला बसवलं. तू कारखान्यातली सगळ्यात जलद कारागीर होतीस.

तर सोमवार. सकाळी प्रिंटर अडला म्हणून आमच्या टेक्निशियनने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हा माणूस ठाकुर्लीहून येतो, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा आहे, सेंटर उघडलं तेव्हापासून इथे आहे. अडलं तर बंद करून चालू करा, असं मीच त्यांना सांगून ठेवलेलं. मशीन उठलं नाही. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजी ओळींचा ढीग. मी पोहोचले तेव्हा पहिल्या पाळीचे आठही पेशंट बाकावर बसलेले. एका आजोबांचे पाय इतके सुजलेले की चपला हातात धरून बसले होते. अंगातलं पाणी काढून झाल्यावर कोणाचं वजन किती उरलं पाहिजे, कोणाला कुठलं औषध चालत नाही, हे सगळं त्या मशीनमध्ये. कागदी रजिस्टर ठेवायची नाहीत हा हुकूमही माझाच. गेल्या वर्षी मी ती कपाटातून काढून रद्दीत दिली, आणि मीटिंगमध्ये त्यावर लोकांकडून टाळ्याही घेतल्या.

"मॅडम, मी नुसतं बंद करून चालू केलं," ते म्हणाले. "तुम्हीच बोललेलात ना तसं." मी बॅग उघडली. पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम सुरू केली आणि आतली डिस्क उघडून पाहिली. पेशंटची माहिती सगळी जागेवर होती. फक्त गाभा अर्धा होता आणि जुना एकही नव्हता. पहिल्या मिनिटाला मला कळलं की हे काम माझं. नवा कर्नल पुन्हा पूर्ण बसवून मशीन उठवायला अडीच तास गेले. पण आजोबांना अडीच तास थांबावं लागलं नाही. टेक्निशियनने आपल्या डब्याच्या पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. त्यात प्रत्येक पेशंटचं वजन, औषध, तारखेवार, स्वतःच्या अक्षरात. माझा हुकूम मोडून ते रोज लिहीत होते. "सवय आहे हो, मॅडम. हाताने लिहिल्याशिवाय डोक्यात राहत नाय," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी वही बघितली, होकार दिला, आणि आठही जणांना वेळेवर डायलिसिसच्या मशीनला लावलं.

दुपारी ट्रस्टचे सेक्रेटरी आले. इस्त्रीचा झब्बा, शुद्ध बोलणं. त्यांच्यासमोर पेढ्यांचा बॉक्स होता, कोणा पेशंटने दिलेला. एक पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, "शेवटचं बटण त्यांनी दाबलं ना? मग प्रश्नच मिटला. शिवाय पेशंटची माहिती खाजगी वहीत उतरवून घरी नेतात, हे तर फारच गंभीर आहे. तुम्ही तांत्रिक अहवाल द्या, शुक्रवारच्या मीटिंगमध्ये त्यांना मोकळं करू." ज्या वहीने आठ माणसं सांभाळली तिच्यावरूनच त्या माणसाची नोकरी घ्यायची, आणि बोटाला लागलेला पेढा चाटत. मला शिसारी आली. पण खरं सांगते, ती त्यांच्याकडे बघून आली तशीच माझ्याकडे बघूनही आली. कारण मी मान डोलावली.

त्या दिवशी कारखान्यातून घरी आल्यावर तू ओट्याशी लसूण सोलत होतीस. मी मार खायच्या तयारीने उभी. तू वरही न बघता म्हणालीस, "धागे कापलेस त्याचं काय नाही गं. लहान आहेस. पण शेठने विचारलं तेव्हा माझ्या पदराआड का गेलीस?" मी रडले. तू लसूण सोलत राहिलीस. पुढे मी कॉम्प्युटरचा कोर्स पूर्ण केला तेव्हा तू मला तुझा धागे ओवायचा चिमटा दिलास, तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यांत बारीकसारीक काहीतरी पडणारच, म्हणालीस. तो अजून माझ्या बॅगेत आहे. सोमवारी पेनड्राइव्ह काढताना हाताला लागला आणि मी बॅगेची चेन लावून टाकली.

अहवाल मी दिला आहे, आई. दोन ओळींचा. "यंत्र अयोग्य रीतीने बंद केल्यामुळे बिघाड झाला." खाली माझी सही. मशीनवर कोणी कधी काय केलं त्याची नोंद राहते. शनिवारच्या माझ्या नोंदी मी मशीन उठल्याउठल्याच पुसल्या, पेशंटची माहिती तपासायच्याही आधी. शुक्रवारला दोन दिवस आहेत. सेक्रेटरींना लिहायला तीन वाक्यं पुरतील आणि ती मला येतातही. ती सोडून मी तुला चार पानं लिहीत बसले, कारण तू शेठला काही सांगायची नाहीस. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते चिमट्यासोबत बॅगेत राहील.

एक राहिलं. सोमवारी सेक्रेटरी गेल्यावर टेक्निशियन माझ्या टेबलापाशी चहा घेऊन आले. त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. म्हणाले, "मॅडम, सकाळपासून काय खाल्लेलं नाय तुम्ही. तुम्ही होतात म्हणून मशीन उठलं." मी थँक्यू म्हटलं, आणि तो चहा पूर्ण प्यायले.