साहेबांनीच उघडावे

तीर्थस्वरूप काकांच्या चरणी पुतण्याचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे, तुमचे गुडघे काय म्हणतात ते कळवावे. काकूने बळेबळे बॅगेत कोंबलेली लोकरीची टोपी मी नाइलाजाने घालतो, म्हणजे घरातसुद्धा घालतो. आधी बातमी देऊन टाकतो: व्हिसा मिळाला, चांगला दोन वर्षांचा. कसा मिळाला ते आता सविस्तर सांगतो, कारण तो तुम्ही मिळवून दिलात आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही.

आपल्या वजनकाट्यांचं ऑफिस उघडून पाटी लावल्याशिवाय तोंड दाखवू नकोस, असं बजावून तुम्ही मला धाडलंत, तेव्हा मी पाहुण्यांच्या व्हिसावर आलो होतो. इथल्या व्हिसाच्या सल्लागारबाईंनी ते ऐकून डोक्याला हात लावला. पाहुण्याने जागा बघावी, गिऱ्हाइकांशी बोलावं, काम मात्र करू नये. भांडवलदारांसाठी वेगळा व्हिसा आहे, पण त्याच्या अटी निम्म्या ऐकूनच मी म्हटलं, बाई, पुढचा सांगा. आपल्याला बसेल असा एकच निघाला: मूळ कंपनीने आपला जबाबदार माणूस पहिलं ऑफिस उघडायला पाठवायचा. त्याच्या अर्जाला ऑफिसचा पत्ता लागतो आणि जागामालक म्हणतात, आधी व्हिसा दाखवा. बरेच जिने चढल्या-उतरल्यावर एका किल्ल्या बनवणाऱ्याने आपल्या दुकानावरची खोली दिली (तोही कधीकाळी इथे परकाच म्हणून आला होता, देव त्याचं भलं करो). खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि आपला नमुन्याचा काटा. पाहुण्याला कामाची मनाई, म्हणून मी त्या खुर्चीत बसतच नव्हतो. तीन आठवडे दिवसभर उभा. फोन आला तर तो जिन्यात जाऊन घ्यायचो. व्हिसासाठी जागा तपासायला आलेल्या गृहस्थाने शेवटी काळजीने विचारलं, पाठीचं काही दुखणं आहे का?

मग हवं होतं मूळ कंपनीचं पत्र, मी किती जबाबदार आहे ते सांगणारं. तुमचं पाकीट आलं, त्यावर ठळक अक्षरांत ‘साहेबांनीच उघडावे’. आता तुमचं पाकीट आपल्या घरात आजवर कोणी उघडलंय? मी ते तसंच बंद नेऊन व्हिसा कचेरीच्या काउंटरवर दिलं. (हे कळल्यावर सल्लागारबाईंनी पुन्हा डोक्याला हात लावला.) काचेपलीकडे साहेबांनी ते फोडलं, तर आत चार पानं, मराठीत, हाताने लिहिलेली. त्यांनी एक पान उलटसुलट करून विचारलं, हे चालत्या गाडीत लिहिलंय का? मी हो म्हटलं. माझ्या पाहुण्याच्या व्हिसाचे अकरा दिवस उरले होते. तेवढ्यात अधिकृत भाषांतर आलं नाही तर परत जावं लागेल, असं साहेबांनी सांगितलं.

भाषांतर करणाऱ्या आजी पूर्वी आपल्या मुलखात राहून गेलेल्या. मूळ पत्र सरकारी पाकिटातून थेट त्यांच्याकडे गेलं आणि तसंच परत गेलं. मी फक्त भाषांतर ऐकून पानोपानी सही करायची होती. काका, तुम्ही ते पत्र व्हिसाच्या साहेबाला नाही, व्याह्याला लिहावं तसं लिहिलंत! ‘लेकरू तुमच्या पदरात घालतो, त्याचं चुकलंमाकलं पोटात घालावं.’ (आजींनी पोट जसंच्या तसं ठेवलं. साहेबांनी नंतर मला विचारलं, नेमकं काय खायचं आहे?) मी हट्टी आहे, धुणं वाळत घालून विसरतो, हे सगळं सरकारदरबारी नोंदवलं गेलं. मी मान खाली घालून सह्या करत होतो.

तिसऱ्या पानावर आजी थांबल्या आणि त्यांनी चष्मा पुसला. ‘चार वर्षं माझे हात थरथरतात. मी जुळवलेला काटा हा सकाळी माझ्या आधी येऊन पुन्हा जुळवतो, आणि मला कळलेलं नाही असं समजतो. चार माणसांत कधी बोलला नाही. आमच्या कारखान्याचं नाव त्याच्या हातावर टिकलंय.’ काका, मला खरंच वाटायचं, तुम्हाला ठाऊक नाही. समोर असताना तुम्ही मला ‘गाढवा’च्या पलीकडे कधी काही म्हटलं नाहीत, आणि तुमचं मन मला कळलं ते परक्या भाषेत, परक्या खोलीत. मी रडलो. सही पसरली म्हणून आजींनी ते पान दुसऱ्यांदा छापलं.

नवव्या दिवशी साहेबांनी शिक्का मारला. म्हणाले, इतर कंपन्या लिहितात की माणूस जबाबदार आहे, पण कसा ते कोणी लिहीत नाही. पाटी लागली आहे. तुमचे उपकार फेडण्यातले नाहीत, म्हणून सरळ सांगतो: काका, फार बरं वाटलं.

तुमचा,
(आता सरकारी शिक्क्याने) जबाबदार पुतण्या

ता. क. – बसायची सवय पार मोडली आहे. हे पत्रही उभ्यानेच लिहिलं.

ता. क. आणखी एक – खरं तर एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तुमचं मूळ पत्र इथल्या फायलीत अडकलं, ते काही परत मिळत नाही. तेवढं तिसरं पान पुन्हा लिहून पाठवाल का? मॅनेजरकडून टाइप करून नको, तुमच्याच हातचं हवं. अक्षर हललं तरी चालेल. कोणी विचारलंच, तर गाडीत लिहिलंय म्हणून सांगेन.