गादी फाटली आहे

कराची बंदर,
ता. १४ ऑगस्ट १९३८

तीर्थरूप देवजीदादास,

धाकटा भाऊ कोंडू पाया पडतो. मास्तरांनी तिसरीत शिकवलं होतं, पत्रात आधी आपली खुशाली लिहावी आणि मग दुसऱ्याची विचारावी. तर मी खुशाल आहे. आता तुमची सांगा. आईचा खोकला पावसाने वाढला का? वहिनीच्या म्हशीला काय झालं, रेडा का पारडी? खालच्या खाचरांत भाताची आवणी उरकली असेल. चिखलणीला यंदा बैलांमागे कोण होतं? मी नाय म्हणून बैल तरी सुखात असतील.

इथे काम गव्हाच्या गोण्यांचं. गोदीत उंटगाड्या येतात. दादा, उंट बसताना बघायचा असतो. आधी पुढचे गुडघे दुमडतो, मग मागचे, मग पुन्हा पुढचं सारखं करतो, आणि एवढं मोठं धूड घडी घातल्यासारखं खाली येतं. दुपारच्या सुट्टीत मी तेच बघत बसतो. बसूनच असतो हल्ली.

टोकावड्याच्या सावळाराममामांनी लग्नाला माघातली तिथी धरली आहे असं तुझ्या पत्रात होतं. वाचलं. त्यांना मुलगा नाय, देवकी एकटी, म्हणून जावयाने त्यांच्या घरी राहायचं आणि शेत कसायचं, हे सुपारी फोडतानाच ठरलं आहे. ते मी विसरलो नाय. "मी पोराच्या पोटऱ्या बघून पोरगी दिली," असं मामा चारचौघांत म्हणाले होते, तेही विसरलो नाय. पण माघाला अजून वेळ आहे. तिथी जरा पुढे गेली तर मामांना राग येईल का, ते सहज विचारून बघ. माझं नाव घेऊ नको.

गौरीच्या सणाला येता येणार नाय. मुकादम सोडत नाय. फेराच्या पुढे यंदा दुसऱ्या कुणाला तरी नाचू द्या.

येईन तेव्हा खर्डीला बैलगाडी आणू नको. मागच्या खेपेला तू स्टेशनावर गाडी घेऊन आलास आणि मी पायवाटेने डोंगर उतरून तुझ्याआधी ओट्यावर येऊन बसलो. तू मागनं बैलांना शिव्या देत आलास. वहिनी तेव्हा म्हणाली होती, "ह्याच्या पायाला भिंगरी हाय, ह्याला बायको कशी धरून ठेवील?" ते आठवून इथे एकटाच हसलो.

बाकी सर्व ठीक. गादी फाटली आहे, तेवढंच. तिचं काय करायचं ते बघतो. आईला सांगितलं नाय तरी चालेल.

वहिनीचा भिंगऱ्या,
कोंडू


कराची बंदर,
ता. ६ नोव्हेंबर १९३८

तीर्थरूप दादास कोंडूचा नमस्कार.

हे पत्र नेहमीसारखं मास्तरच वाचत असणार, म्हणून दोन ओळी त्यांना. मास्तर, इथवर वाचून थांबा. आधी टोकावड्याला माणूस पाठवून सावळाराममामांना बोलवा. जमलं तर देवकीलाही घेऊन या म्हणावं. ती आत वहिनीपाशी बसू दे, पण ऐकू जाईल अशी. सगळे आले की आपल्या ओट्यावर पुढचं मोठ्याने वाचा. मधल्या दिवसांत चोरून वाचू नका. तुमची सवय मला ठाऊक आहे.

आता पुढे.

इथे माझ्या सोबतीला असलेला उंबरमाळीचा धाऊ दिवाळी करून परत आला. त्याने आईने दिलेली गोधडी आणली. आईच्या हिरव्या लुगड्याची आहे, आणि कडेला माझ्या जुन्या सदऱ्याची पट्टी. धाऊ तुमच्या सगळ्यांच्या नकला करत सांगत होता. आई म्हणाली, "धाऊ, पोर उघड्या भुईवर निजतो रं. गादी फाटली तं फाटली, सांगाया लाजला." वहिनी म्हणाली, "कराचीला जाऊन गादीवर निजाया लागला! हितं तं अर्धं कांबळं पुरत व्हतं." मास्तर म्हणाले, कोंडू मोठा साहेब झाला. आमच्या खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. मग गोधडी तोंडावर ओढून निजलो, कारण पुढे हसता येईना.

आये, माझ्याकडे निजायची गादी कधीच नव्हती. फाटली ती गुडघ्यातली.

आवणीच्या आधीची गोष्ट. गोणी घेऊन फळ्यांवरून उतरत होतो. फळ्या ओल्या होत्या. उजवा पाय दोन फळ्यांच्या फटीत बसला आणि पाठीवरच्या गोणीने अंग तसंच पुढे फिरवलं. पाय तिथेच, मी मात्र फिरलो. गुडघ्यात ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. मी फडकं बांधून संध्याकाळपर्यंत गोण्या वाहिल्या, कारण मागचे बघत होते. सकाळी गुडघा सोललेल्या नारळाएवढा झाला होता.

सूज उतरली. मला वाटलं, झालं. पण आता तो मध्येच अडकतो. बसलो की बसलोच. मग दोन्ही हातांनी पोटरी धरून, जुन्या कुलपात किल्ली हलवावी तसा पाय हलवत राहायचं, केव्हातरी आत कट्ट होतं आणि सुटतो. कधी चालताना पायच नसल्यासारखा दगा देतो. एकदा बाजारात असाच कोसळलो तर लोक म्हणाले, दारू प्यायलाय.

सरकारी इस्पितळात गेलो. डॉक्टर साहेब बोलला ते मला कळलं नाय. तिथला कंपाउंडर रत्नागिरीकडचा. त्याने दोन मुठी एकमेकीवर ठेवल्या आणि म्हणाला, "हे मांडीचं हाड, ही नळी. मधी गादी असते. तुझी गादी फाटली रे." मी विचारलं, "शिवता येते काय?" तो म्हणाला, "ती कापसाची असती तर मीच शिवली असती." फाटलेला तुकडा आत अडकतो, म्हणून पाय अडकतो. कापून काढला तर अडकायचा थांबेल. पण गादी पुन्हा भरून येत नाय. मी म्हणालो, मला चिखलणी करायची आहे. त्याने ते साहेबाला सांगितलं. साहेबाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्याचं भाषांतर मला लागलं नाय.

हे मी ऑगस्टातच लिहिणार होतो. पण लिहायला बसलो आणि डोळ्यांपुढे आपला ओटा आला. मास्तर वाचणार, सगळा पाडा ऐकणार, दुसऱ्या दिवशी टोकावड्याला कळणार. म्हणून अर्धं लिहिलं आणि अर्धं गिळलं. वाटलं, दादाला कळेल. दादाला कसं कळेल?

मामा, आता तुम्हाला. पाया पडतो. तुम्ही माझ्या पोटऱ्या बघितल्या होत्या. पोटऱ्या अजून आहेत, पण त्यांच्यावरचं बिजागर गेलं. चिखलात पाय रुतला तर मला काढता येणार नाय. डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालता येणार नाय. मला उकिडवं बसता येत नाय. जेवताना एक पाय लांब पसरून बसतो, पंगतीत बसलो तर समोरच्याचा मान जाईल. हळदीला पाटावर कसा बसलो असतो, याचाही विचार करून झाला. तुम्ही शेताला माणूस शोधला होता आणि तो मी आता नाय. माघापर्यंत गप्प बसून बोहल्यावर उभं राहणं मला जमलं असतं, उभं राहायला फार वेळ लागत नाय. पण ज्येष्ठात तुम्ही माझ्या हातात नांगर दिला असता. तेव्हा काय केलं असतं?

सुपारी मोडायची तर मोडा. मोडलीत तर दोष माझ्या घरावर ठेवू नका. दादाला आजपर्यंत काही ठाऊक नव्हतं.

देवकीला मी काय लिहू? तिला मी दोनदाच बघितलं. दुसऱ्यांदा ती विहिरीवरून येत होती आणि मी उगीच तिच्यासमोर बांधावरून उडी मारली. तिने बघितलं नाय असं दाखवलं. ती उडी तिच्या लक्षात असेल तर राहू दे.

सध्या मी वखारीत फाटक्या गोण्या शिवतो. दाभण आणि सुतळी. दिवसभर बसून. पहिल्या दिवशी माझे टाके बघून सगळे हसले, मग मला आईचा धावदोरा आठवला आणि तसे घातले. आता माझी गोणी उसवत नाय. उंटगाड्या येतात. उंट बसतो तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

आईची गोधडी घडी करून गुडघ्याखाली ठेवतो. पाय निवतो. तेव्हा आये, तू चुकून पाठवलीस ती बरोबर जागी लागली. रडू नको. खोकला येईल.

तुकडा काढायला इस्पितळात जायचं आहे. मला भीती वाटते. हेही मास्तरांनी मोठ्याने वाचावं.

कोंडू


कराची बंदर,
ता. २० जानेवारी १९३९

तीर्थरूप दादास,

आज खुशाली खरी लिहितो. मी बरा नाय, पण पूर्वीपेक्षा बरा आहे. तुकडा काढला. कंपाउंडरने तो बाटलीत दाखवला. ओल्या खोबऱ्याचा पातळ काप असतो ना, तेवढाच, कडेला कुरतडल्यासारखा. मी त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिलो. एवढ्याशावर मी डोंगर चढत होतो, हुतूतू खेळत होतो, एवढ्याशावर मामांची शेती उभी राहणार होती. गुडघा आता अडकत नाय. पण पुरता वाकतही नाय, आणि जिना उतरताना आत जातं फिरवावं तशी घरघर होते. हातात काठी आहे. धाऊ म्हणतो, "पाटील शोभतोस." मी त्याला काठी दाखवली.

तुझं पत्र मिळालं. मास्तरांनी सगळं लिहिलं आहे, कुणाचाही शब्द गाळला नाय. मामा ऐकून उठले आणि म्हणाले, "मला नांगऱ्या पायजे व्हता, हा तं सुईदोऱ्याला लागला." आणि तू त्यांच्या अंगावर धावून गेलास. दादा, तसं करायला नको होतं. त्यांनी खोटं काय सांगितलं? त्यांचं वय झालं आहे आणि ज्येष्ठ कुणासाठी थांबत नाय. म्हशाच्या जत्रेत त्यांनी नवी बैलजोडी घेतली आणि देवकीसाठी नारिवलीचा मुलगाही तिथेच बघितला, माघातली तिथी तीच ठेवली, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि एक पूर्ण गोणी शिवली. मग पुन्हा उचलून वाचलं. तिथी तरी फुकट गेली नाय.

वहिनीने देवकीचा निरोप शेवटी घातला आहे. उठताना ती वहिनीच्या कानात म्हणाली, "गादी फाटली म्हनून ऐकला तवा मी लय हसले व्हते गो. त्याला सांग, मला ठाव नव्हता." एवढंच. वहिनी, तिला कधी भेटलीस तर सांग, हसलीस ते बरंच झालं. माझ्या दुखण्यावर हसलेलं तेवढंच एक माणूस असं आहे की ज्याच्यावर मला राग येत नाय.

उडीचं ती काही बोलली का, ते तू लिहिलं नायस. मीही विचारत नाय.

दादा, तू लिहितोस, घरी ये, खर्डीच्या भाताच्या वखारीत गोण्या शिवायला माणूस पाहिजे, मी बोलून ठेवलं आहे. तीनदा लिहिलंस. मला वाटत होतं, येऊ नये. इथे मला कुणी पळताना बघितलेलं नाय. इथे मी लंगडा गोणीवाला, बस्स. तिथे प्रत्येक बांध मला ओळखतो. पोरं फेर धरतील आणि मी ओट्यावर बसून बघायचं, हे मला जमेल का, मला माहीत नाय. पण उन्हाळ्यात तू एकटा बांध घालशील आणि मी इथे परमुलखातल्या गव्हाच्या गोण्या शिवत बसायचं, हेही जमत नाय. भारा नाय वाहता आला तरी खळ्यात बसून कणसं झोडपता येतील. विळ्यांना धार लावता येईल. आईच्या उशाशी बसता येईल. कधी बसलो होतो मी तिच्याजवळ? सारखा उठून जात होतो.

मुकादमाला सांगून झालं. महिनाअखेरीच्या बोटीने मुंबई, तिथून आगगाडीने खर्डी. दिवस नक्की झाला की धाऊ कार्ड टाकील.

दादा, एक मागायचं आहे. तीन वेळा लिहून खोडलं, खोडलेलं खाली दिसेल तुला.

खर्डीला बैलगाडी घेऊन ये.

पेंढा जास्त घाल, पाय लांब ठेवावा लागतो. गोधडी मी आणतोच आहे. घाटीच्या चढाला बैलांना शिव्या देऊ नको, सावकाश येऊ दे. या खेपेला तुझ्याआधी ओट्यावर कुणी पोचणार नाय. मी गाडीतच असेन.

तुझा धाकटा,
कोंडू